हिरड्यांचं दुखणं: घराण्याचं किती, सवयीचं किती?

(मिशनच्या साहाय्यक सभासदांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या मेळाव्यात मी तुमच्याकडे ब्रश मागितले होते. तुम्ही हात आखडता घेतला नाहीत. वसतिगृहातल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला आता दर तीन महिन्यांनी नवा ब्रश आणि टूथपेस्ट मिळते. मुलं रात्री जेवणानंतर हौदावर रांगेने दात घासतात. धाकटी तर फेस कोणाचा जास्त होतो याची पैजही लावतात. त्याबद्दल तुमचे आभार. पण तेवढ्याने भागत नाही, हे मला या वर्षी कळलं आणि तेच सांगायला आज उभी आहे. त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

आमच्याकडे दहावीला एक मुलगा आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा, सोळा वर्षांचा, अबोल. त्याच्या वरच्या समोरच्या दोन दातांमध्ये फट पडली आणि ती वाढतच गेली. खालची दाढ हलायला लागली. मी एका सकाळी सगळ्यांसमोर त्याला रांगेबाहेर काढलं आणि म्हणाले, "लोकांनी पोटाला चिमटा काढून ब्रश दिलेत आणि तू ते वापरत नाहीस." तो म्हणाला, "ताई, मी रोज घासतो." मी म्हणाले, "वर खोटंही बोलतोस." पोरं हसली. त्या दिवसापासून तो बोलताना तोंडावर हात धरू लागला.

दोन महिन्यांनी दंतवैद्य तपासणीला आले. त्यांनी त्याच्या तोंडात आरसा घातला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "हा मुलगा दात चांगले घासतो." दातांवर किटण जवळजवळ नव्हतंच. एक्स-रे काढला तेव्हा समोरच्या दातांभोवतीचं आणि पहिल्या दाढांभोवतीचं हाड बरंच झिजलेलं दिसलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोणाचे दात असे लवकर पडले आहेत का?" मुलगा म्हणाला, मोठ्या भावाचे पडले, बावीस वर्षांचा आहे तो. आईचेही तिशीच्या आत गेले. पाड्यावर म्हणतात की त्या घराला काहीतरी लागलेलं आहे.

मी दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत, त्याच मुलांसमोर त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. मुलं या वेळी हसली नाहीत.

माझ्याकडे धर्मशास्त्राची पदविका आहे, दंतवैद्यकाची नाही. पण या प्रसंगानंतर मी त्या डॉक्टरांना भंडावून सोडलं, मिळेल ते वाचलं, समजलं नाही ते पुन्हा विचारलं. त्यातलं जे आपल्या कामाला उपयोगी आहे ते सांगते.

हिरड्यांच्या दुखण्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येतं. कारण साधं आहे. दातांवर जंतूंचा एक चिकट थर रोज बसतो. तो काढला नाही तर हिरडीला सूज येते. डेन्मार्कमध्ये हारल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली हे दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणं मुद्दाम थांबवलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केलं तशी सूज आठवड्याभरात उतरली. म्हणजे इथे घराणं, रक्त, नशीब काही नाही. घासलं नाही की सुजणार, घासलं की उतरणार. तुमचे ब्रश या पायरीवर पुरेपूर कामी येतात.

दुसरी पायरी म्हणजे आपण ज्याला पायोरिया म्हणतो. सूज हिरडीच्या खाली उतरते, दात आणि हिरडी यांच्यात खाच तयार होते, आत पू होतो, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि चांगला, न किडलेला दात हलून पडतो. हे हाड जंतूच कुरतडून खातात असं मला वाटायचं. तसं नाही. जंतूंशी लढायला शरीर जे सैन्य पाठवतं, त्या लढाईतच हाडाचं जास्त नुकसान होतं. चोर घरात शिरला म्हणून घरच्याच माणसांनी लाठ्या चालवून भिंत पाडावी, तशातला प्रकार. कोणाचं शरीर चार लाठ्यांत थांबतं, कोणाचं थांबतच नाही. आईबापांकडून आलेला वारसा मुख्यतः इथे आपलं काम करतो.

याचा सगळ्यात बोलका दाखला मला श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरचा वाटतो. त्याच लो यांच्या गटाने १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं तिथल्या ४८० मजुरांच्या दातांची नोंद ठेवली. सुरुवातीला ही माणसं चौदा ते एकतीस वर्षांची होती. दंतवैद्य त्यांनी कधी पाहिलेला नव्हता, ब्रशही नव्हता. सगळ्यांच्या दातांवर किटणाचे थर, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. मग सगळ्यांचे दात पडले असतील असं तुम्ही म्हणाल. नाही. शंभरातल्या सुमारे अकरा जणांचं दुखणं सुजेच्या पुढे गेलंच नाही. सुमारे एक्क्याऐंशी जणांचं हाड हळूहळू झिजलं. आणि उरलेल्या आठांचं झपाट्याने: पस्तिशीपर्यंत सरासरी बारा दात गेले, चाळिशीपर्यंत वीस, आणि पंचेचाळिशीला तोंडात एकही दात नाही.

मळा तोच, मजुरी तीच, घाणही तीच. तरी एक माणूस म्हातारपणापर्यंत ऊस सोलून खाईल आणि शेजारचा तरुणपणीच भाकरी चुरून खाईल. आपल्यापैकी कितीजण म्हणतात, "माझ्या आजोबांनी जन्मात ब्रश पाहिला नाही, नव्वदीत हरभरे फोडायचे." खरं आहे. आजोबा त्या अकरांतले असतील. तुम्ही कुठल्यातले आहात ते आजोबांवरून ठरवू नका.

एवढ्यावरून हे सगळं रक्तातच आहे असं सिद्ध होत नाही, म्हणून संशोधकांनी जुळ्यांकडे पाहिलं. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचा वारसा सारखाच असतो, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांचा इतर भावंडांइतकाच. अमेरिकेत ११७ जुळ्यांच्या जोड्या तपासून २००० साली निष्कर्ष आला की पायोरिया कोणाला कमी, कोणाला जास्त होतो, या फरकातला साधारण निम्मा भाग वारशाने समजावता येतो. हा "निम्मा" नीट समजून घ्यायला हवा. तुमच्या एका माणसाचं निम्मं दुखणं आजोबांचं आणि निम्मं तुमचं, असा त्याचा अर्थ नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याचा तो हिशेब आहे. त्याच अभ्यासात साध्या हिरडीच्या सुजेवर वारशाचा काही प्रभाव आढळला नाही. डेन्मार्कच्या बारा जणांची गोष्ट इथे जुळते.

आपल्या भागात सिकलसेल सगळ्यांना माहीत आहे. तिथे एकाच जनुकाचा दोष असतो, आई आणि बाप दोघांकडून आला की आजार होतो. पायोरियाचं तसं नसतं. पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा हात असतो, आणि त्यातलं एकही एकट्याने दात पाडत नाही. अपवाद आहेत, पण फार दुर्मीळ. एका आजारात मुलांच्या तळहातांची आणि तळपायांची कातडी जाड होते आणि दुधाचे दात चार-पाच वर्षांतच हलून पडतात, पुढे कायमचेही जातात. कॅथेप्सिन सी नावाच्या जनुकातला दोष त्याला कारण आहे, हे १९९९ साली कळलं. नात्यातल्या लग्नांत तो अधिक दिसतो. असं मूल कोणाच्या पाहण्यात आलं तर देवऋषाकडे नेऊ देऊ नका, दंतवैद्याकडे आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा.

आता दुसरी बाजू, जी आपल्या हातात आहे. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

पायोरिया वाढवणाऱ्या सवयींत पहिला नंबर तंबाखूचा. अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांत हे दुखणं न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळलं, आणि तिथल्या एकूण रुग्णांपैकी निम्म्यांच्या मुळाशी आजचं किंवा पूर्वीचं धूम्रपान असावं असा हिशेब निघाला. यात फसवणूकही आहे. धूम्रपानाने हिरडीच्या रक्तवाहिन्या आखडतात, त्यामुळे रक्त कमी येतं. विडी ओढणारा म्हणतो, "माझ्या हिरड्यांतून तर थेंबही येत नाही." आत हाड झिजत असतं.

पण आपल्याकडे ओढण्यापेक्षा चघळणं जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरतात असं दिसलं, ओढणारे ४ टक्क्यांच्या आत. तंबाखू-चुन्याची गोळी जिथे धरली जाते तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. तोंडाच्या कर्करोगाचं तर वेगळं सांगायला नको.

आणि मशेरी. तव्यावर तंबाखू जाळून केलेली काळी पूड, दात घासायची म्हणून लावायची. आमच्या पाड्यांवर आहे, आणि माफ करा, इथे पहिल्या तीन बाकांवर बसलेल्या माझ्या काही मावश्यांच्या पर्समध्येही डबी आहे. (हशा) हसू नका, मी नावं घेणार नाही. मशेरी लावली की हिरडीचा ठणका थांबतो, असं बायका सांगतात. निकोटीनची तलफ भागते म्हणून बरं वाटतं. दात स्वच्छ करण्याच्या निमित्ताने मुलगी सहाव्या-सातव्या वर्षी आजीच्या डबीत बोट घालते आणि मग ते बोट जन्मभर निघत नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ सालीच बंदी आली. पण घरच्या तव्यावर कायदा कुठून पोचणार? गरोदर बाईने मशेरी लावली तर पोटातल्या बाळालाही भोगावं लागतं. मुंबईत बाराशेहून अधिक गरोदर बायकांची पाहणी झाली होती. त्यांच्यातल्या बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची, म्हणजे बहुतेक मशेरीवाल्यांची, बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली.

तेव्हा "आमच्या घराण्याचंच आहे" असं कोणी म्हणालं की मी हल्ली विचारते, घराण्यात आणखी काय काय चालत आलं आहे? घराण्याकडून रक्त येतं तशी मशेरीची डबीही येते. आईच्या तोंडातले जंतू लाळेवाटे लेकराच्या तोंडात जातात, तेही येतात. एकाच घरातल्या चौघांचे दात पडले म्हणजे ते रक्तातूनच आलं असं नाही. पण त्या मुलाच्या घरी मशेरी नव्हती. भाऊ तंबाखूला शिवत नाही. म्हणून मी एक नियम शिकले की विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, दोन्हीकडून.

आता मधुमेह. त्यासाठी तुम्हाला जरा लांब, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात नेते, कारण तिथली गोष्ट आदिवासींचीच आहे. गिला नदीच्या काठी पिमा नावाचे मूळ रहिवासी राहतात. ते स्वतःला अकिमेल ओओधाम म्हणतात, म्हणजे नदीकाठचे लोक. नदीच्या पाण्यावर मका, घेवडा, भोपळा पिकवायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला गोऱ्या वसाहतवाल्यांनी पाणी वळवलं, शेती सुकली आणि पुढे मैदा, चरबी, साखर अशा विकतच्या आणि वाटपाच्या अन्नावर जगायची वेळ आली. या लोकांतला मधुमेह पुढे जगभरच्या संशोधकांचा विषय झाला. त्यांच्यात मधुमेह असलेल्यांना पायोरिया होण्याचं प्रमाण मधुमेह नसलेल्यांच्या सुमारे अडीच पट आढळलं. रक्तात साखर वाढली की जखम भरत नाही, सूज आवरत नाही. उलटही खरं आहे. हिरड्या सतत सुजलेल्या असतील तर साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

कोणी म्हणेल, त्यांच्या रक्तातच मधुमेह आहे. थोडा असेलही. पण सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात याच लोकांचे भाऊबंद राहतात, जुन्या पद्धतीने शेती करतात, हातांनी राबतात. २००६ साली दोघांची तुलना छापून आली. अमेरिकेतल्या पिमांत मधुमेह ३८ टक्के, मेक्सिकोतल्या पिमांत ७ टक्क्यांच्या आत. पूर्वज एकच, नदी गेली तो फरक. आपल्या पाड्यांवरही नाचणी-ज्वारी मागे पडते आहे आणि पाच रुपयांची बिस्किटं पुढे येताहेत, म्हणून हे सांगते.

आपण ख्रिस्ती माणसं, कोणाचं दुखणं पाहिलं की मनात एक जुना प्रश्न उठतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाला पाहून तो विचारला होता: दोष याचा की याच्या आईबापांचा? प्रभूने दोन्ही नाकारले आणि त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावला. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात तर उदाहरणच दातांचं आहे. बापाने आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून मुलांचे दात आंबले, अशी म्हण इस्राएलात रूढ होती, आणि ती पुन्हा तोंडात आणू नका असं देवाने बजावलं. मी हे अध्याय शिकले, परीक्षेत लिहिले, आणि हौदावर उभी राहून नेमका शिष्यांचाच प्रश्न विचारला. त्यातही अर्धाच. दोष याचाच, असं ठरवून मोकळी झाले.

आपल्यातही बोललं जातं, "हे लोक दातच घासत नाहीत." मी ऐकलेलं आहे, बोललेलंही आहे. पाड्यावरची म्हातारी कडुनिंबाचं, बाभळीचं, करंजाचं दातवण नीट चावून, मऊ कुंचा करून घासते, ते आपल्या घाईतल्या अर्ध्या मिनिटाच्या ब्रशपेक्षा कमी नाही. आणि हे दुखणं काही डोंगरातलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगभर शंभर कोटींहून जास्त लोकांना गंभीर पायोरिया असल्याचा अंदाज दिला आहे. त्यांतले कितीतरी टाइलच्या बाथरूममध्ये दात घासतात.

आता मुद्द्याचं. त्या मुलाचं काय झालं? डॉक्टरांनी हिरडीखालची खोल सफाई केली, काही दिवस प्रतिजैविकं दिली. एक दाढ काढावी लागली. बाकीचे दात सध्या टिकून आहेत. पण दर तीन महिन्यांनी त्याला सफाईसाठी न्यावं लागतं आणि हे पुढेही चालू राहील. ज्याच्या वाट्याला असा वारसा आला आहे त्याचं नुसत्या ब्रशने भागत नाही. इतरांना वर्षातून एकदा पुरेल ते त्याला चारदा लागतं. वारसा बदलता येत नाही म्हणून हात टेकायचे, असं मात्र नाही. ज्याचा बांध कच्चा, त्याने पावसाआधी जास्त वेळा फेरी मारायची, एवढंच.

सफाईने दात ढिले होतात, ही भीती पाड्यावर आहे आणि शहरातही. सफाईनंतर दातांमध्ये फटी दिसतात, कारण तिथे किटणाचा दगड बसलेला होता आणि हाड आधीच गेलेलं होतं. दगड गेला की फट दिसते, ती सफाईने पाडलेली नसते. हे मी आता प्रत्येक पालकाला आधीच सांगते, नाहीतर पहिल्या सफाईनंतर माणूस परत येत नाही.

म्हणून या वर्षी तुमच्याकडे ब्रशबरोबर तीन गोष्टी मागते. तालुक्याच्या गावी मुलांना सफाईला नेण्या-आणण्याचं जीपचं भाडं, गरज पडेल त्यांच्या एक्स-रेचा खर्च, आणि पालकसभेला येणाऱ्या आयाबापांच्या साखरेच्या तपासणीच्या पट्ट्या. ब्रशसारखा फोटो काढता येईल असं यात काही नाही, हे मला ठाऊक आहे.

मुलाच्या मोठ्या भावाला आम्ही निरोप पाठवला होता. तो महिनाभर आला नाही. मग एका बाजारच्या दिवशी आला, स्वतःचे दात दाखवायला नव्हे. कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. म्हणाला, "ताई, हिचं आत्ताच बघता येतं का?" डॉक्टरांनी पाहिलं, तिचे दात सध्या ठीक आहेत, दरवर्षी आणायला सांगितलं आहे. मग त्यालाही खुर्चीत बसवलं.

जूनमध्ये नव्या मुलांची नोंदणी होईल तेव्हा आमच्या वहीत नाव, पाडा, रक्तगट आणि सिकलसेलच्या रकान्यांपुढे आणखी एक रकाना असेल: घरात कोणाचे दात चाळिशीआधी पडले? तो प्रत्येक पालकाला मी स्वतः विचारणार आहे, आणि मूल रांगेत नसताना.